ठिगळ्याचं दुखणं

४ फेब्रुवारी

आज एक टाकासुद्धा घातला नाही. ठिगळ्या मरता मरता वाचला, आणि वाचला असंही अजून छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ठिगळ्या म्हणजे आमचा बोका. अंगभर पांढरा आणि पाठीवर एकच काळा चौकोन, कुणीतरी माप न घेता घाईत जोडल्यासारखा. काल सकाळपासून तो वाळूच्या घमेल्यात जाऊन बसायचा, उठायचा, परत जाऊन बसायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. समोर कोटाचं अस्तर उलगडून ठेवलं होतं, गिऱ्हाईक यायचं होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. अण्णा मात्र खुर्ची ओढून घमेल्यापाशी बसून राहिले. म्हणाले, "त्याला होत नाहीये."

"काय होत नाहीये?"

"ते... पाणी," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. अण्णा माझे सासरे. उभी हयात लांब पल्ल्याची बस चालवली, पण असला एखादा शब्द तोंडातून काढायचा म्हटला की त्यांची गाडी तिथेच बंद पडते.

आज ठिगळ्या शिवणयंत्रामागे अंग चोरून बसलेला सापडला. उचलायला गेले तर असा ओरडला की माझ्या हातातली कात्री पडली. पोटाला हात लावला. खाली कडक गोळा, चेंडूसारखा. तशीच टोपलीत घालून त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला फटकळ. "बोक्यांची लघवीची वाट अरुंद असते. ती बंद झालीय. आत तुंबलं की विष होतं आणि हृदय थांबतं. उद्यावर टाकलं असतंत तर आणायची गरजच उरली नसती." त्यांनी नळी घालून सगळं काढलं आणि त्याला तिथेच ठेवून घेतलं.

घरी आले तर अण्णा दारातच उभे. "सुटली?" त्यांनी विचारलं. "सुटली," म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि भिंतीचा आधार घेतला. याच माणसाने मांजर घरात आणलं तेव्हा माझ्याशी अबोला धरला होता.

६ फेब्रुवारी

नळी काढली आणि पुन्हा तुंबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ऑपरेशनच. पुढचा अरुंद भाग काढून टाकायचा आणि मागे रुंद वाट करून द्यायची. मग मांजरीसारखी धार येईल, पण येईल. नाही केलं तर हे असंच चालू राहील आणि एक दिवस आपल्याला कळायला उशीर होईल.

नवरा बोटीवर असतो. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच: अण्णा, मी आणि ठिगळ्या. नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बोक्याचं ऑपरेशन? एवढं उरापोटावर कशाला घेतेस? त्याचं वयही झालंय." मलाही आतून तसंच वाटत होतं की काय कोण जाणे. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "करायचं," म्हणाले. "वय झालं म्हणून काय तुंबून मरू द्यायचं?" आणि फोन परत माझ्या हातात दिला.

मुलाशी ते असे तोडून कधी बोलत नाहीत. ठिगळ्याने म्हाताऱ्याला पुरतं खिशात घातलंय.

९ फेब्रुवारी

ठिगळ्या घरी आला. मागची बाजू भादरलेली, टाके घातलेले, गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. दाराला, खुर्चीला, माझ्या पायाला, सगळीकडे आपटतो आणि मग माझ्याकडे बघतो, जणू मीच त्याला आपटलं.

न्हाणीघराला लागून असलेली लहान खोली त्याला दिली. वाळू टाक्यांना चिकटते म्हणून घमेल्यात कागदाच्या पट्ट्या घालायच्या, हे काम अण्णांनी मागून घेतलं. पेपर आधी शब्दन् शब्द वाचतात, मग उभ्या पट्ट्या फाडतात. माझ्या कात्रीलाही इतक्या सारख्या जमल्या नसत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय: टाके चाटू द्यायचे नाहीत, पाणी भरपूर पाजायचं, आणि शू होतेय ना यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. रंग जरा लाल दिसेल, घाबरायचं नाही. थोडीशी झाली तरी चालेल, वाट उघडी आहे हे महत्त्वाचं.

मी यंत्रावर होते. जिवात जीव नव्हता, दोनदा सुई मोडली. एवढ्यात अण्णांची हाक आली. "अगं, झाली!"

"केवढी?"

"बटणाएवढी." मग जरा विचार करून, "कोटाच्या."

पट्ट्यांवर गुलाबी डाग होता. आम्ही दोघं तो डाग असा बघत उभे होतो की कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

११ फेब्रुवारी

घराची भाषाच बदलली. जेवतानासुद्धा विषय एकच. मी बाहेरून आले की चप्पल काढायच्या आधी विचारते, "झाली का?" आणि अण्णा तिथूनच, "झाली, बशीएवढी," किंवा, "आज टाळाटाळ चाललीय." हा तोच माणूस जो परवा 'पाणी' म्हणून पेपरामागे लपला होता. मी चेष्टा केली, "अण्णा, तुमची भीड चेपली हं." ते हसले आणि म्हणाले, "त्याचं बोलायला काय जातंय."

ठिगळ्याने पाणी प्यावं म्हणून अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसून वाटी हलवत राहतात. "पी रे बाबा. आत साठवून कुणाचं भलं झालंय?" स्वतः मात्र संध्याकाळचा चहा सोडलाय. पाण्याचा तांब्याही भरलेलाच्या भरलेला असतो. म्हणे, वय झालं की तहान कमी होते.

एक तक्रार लिहून ठेवते, तोंडावर बोलायची सोय नाही. अण्णा न्हाणीघरात गेले की नळ सोडून ठेवतात. वाहतोय आपला, वाहतोय. शेवटी मला यंत्र थांबवून कान द्यावा लागतो, की पडलेबिडले नाहीत ना. आणि ठिगळ्या तो कर्णा घेऊन बंद दाराशी जाऊन बसतो. नळाचं पाणी प्यायचं असेल त्याला. वाटीतलं गोड लागत नाही साहेबांना.

१३ फेब्रुवारी

माझ्या हातून घात झाला होता.

त्याचं ते आपटणं बघवेना. उरलेल्या जाड कापडाचा, आत कापूस भरून मी मऊ कर्णा शिवला. कडेला पट्टी, मागे बंद, अगदी बेतशीर. घातला तर त्याने मान टाकून पहिल्यांदा सुखाची झोप काढली. मी स्वतःवर खूश होऊन कामाला बसले. मग अण्णांची आरोळी. जाऊन बघते तर कापड मुडपून त्याने मान मागे नेलेली, टाके चाटून रक्त काढलेलं, पट्ट्या लाल. अण्णा त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून जमिनीवर बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नशीब, एकच टाका उसवला. डॉक्टरीणबाईंनी तो पुन्हा घातला आणि मला चांगलंच झापलं. "बाई, तुम्ही त्याला आराम दिलात. त्याला आराम नको होता. सैल करून दुखणं जात नाही, फक्त दिसेनासं होतं."

खरं आहे. पण माझा धंदाच सैल करून देण्याचा. माणूस काचतंय म्हणत येतो, आपण का काचतंय ते विचारत नाही, शिलाई उसवतो.

घरी आल्यावर रडले. अण्णा म्हणाले, "उगी. तू मायेनं केलंस." मग उठले आणि न्हाणीघरात गेले. नळ सुरू.

१७ फेब्रुवारी

ठिगळ्या सुधारतोय. डाग आता गुलाबी नाही. कर्णा घालूनही खिडकीत चढला आणि धपकन पडला, मग आपण पडलोच नाही असा आव आणून अंग चाटायला गेला आणि प्लास्टिक चाटून आला.

आज एक गंमत. अण्णा दुकानात आले, म्हणजे पुढच्या खोलीत, आणि गिऱ्हाइकासारखे उभे राहिले. म्हणाले, विजारी कमरेत काचतायत, सैल करून दे. आणि पुढची बटणं काढून नुसतं इलॅस्टिक घाल. "बोटं आखडतात. बटणं वेळेवर निघत नाहीत." मी माप घेतलं. कंबर बरीच वाढलीय, तीही खालच्या अंगाला. खांदे मात्र उतरलेत, गेल्या वर्षीचा सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसतो. अशा अंगाचं कापड कापायला अवघड, वर एक माप आणि खाली दुसरंच. टेप ओटीपोटावर आला तेव्हा ते दचकून मागे सरले. मी म्हटलं, "गुदगुल्या होतात का अण्णा? बोक्यापाशी बसून बसून पोट सुटलंय तुमचं. जरा फिरायला जात जा."

"जाईन," म्हणाले.

सगळ्या विजारी आजच उरकल्या. कमरेच्या चुण्या इतक्या सारख्या बसल्यात की बटणं होती हे सांगूनही कुणाला पटायचं नाही. अण्णा घालून आले, दोन पावलं चालले आणि म्हणाले, "आता बरं वाटतंय गं." घरच्या माणसाचं काम केल्याचं समाधान वेगळंच असतं.

२२ फेब्रुवारी

टाके काढले. कर्णाही गेला. डॉक्टरीणबाई खूश आहेत.

आज अण्णाही बरोबर आले होते आणि त्यांनी प्रश्न विचारून विचारून डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं. सुरुवातीला त्याला कळलं असेल का? नुसतं थेंब थेंब होत होतं तेव्हाच आणलं असतं तर कापावं लागलं नसतं का? नळी घालताना फार दुखतं का? नंतर आपलं आपण होतं ना, की कुणीतरी बघत बसावं लागतं? मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही परीक्षेला बसणार आहात का?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. अण्णांकडे बघत म्हणाल्या, "बोक्याला लाज नसते, काका. दुखलं की तो ओरडतो. म्हणून तर हा वाचला." अण्णा टोपलीच्या झाकणाशी चाळा करत राहिले.

परत येताना त्यांनी टॅक्सी थांबवायला लावली आणि बागेतल्या मुतारीत गेले. मी ठिगळ्याला मांडीवर घेऊन बसले आहे, टॅक्सीवाला घड्याळ बघतोय, अण्णांचा पत्ता नाही. आले ते घामाघूम. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही तर सांगायचात, माझ्या बसला मधे थांबा नव्हता म्हणून." ते काचेबाहेर बघत होते. म्हणाले, "तेव्हा मी ठरवायचो, कुठे थांबायचं ते."

म्हातारपण वाईट.

२५ फेब्रुवारी

दोन गोष्टींनी डोकं उठलंय.

एक ठिगळ्या. चांगला बरा झालेला बोका, आणि आज सकाळपासून न्हाणीघराच्या दाराशी बसून तोच आवाज काढतोय, दुखण्याच्या दिवसातला. धावत जाऊन पट्ट्या बघितल्या, डाग होता, बशीपेक्षा मोठा. पोट दाबून बघितलं, मऊ. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोका ठीक आहे. दुसरं काही असेल." दुसरं काय असणार? दार ढकलायचं, ओरडायचं, माझ्याकडे बघायचं, परत दार.

दुसरे अण्णा. मी चहा पुढे केला तर कप इतक्या जोरात सारला की बशी फुटली. "नको म्हटलं ना! किती वेळा सांगायचं?" लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. जेवलेही नाहीत. मी तुकडे गोळा केले, पण फार लागलं मनाला. मी काय कमी केलं यांचं? एका शब्दाने सांगितलं तर विजारीसुद्धा त्याच दिवशी करून दिल्या.

२७ फेब्रुवारी

कालचं आज लिहितेय. दवाखान्याच्या बाकावर बसून. माणसांच्या.

दुपारी यंत्रावर होते. अण्णा न्हाणीघरात, नळ वाहतोय, ठिगळ्या दाराशी ओरडतोय. अण्णांवर राग होताच, तो मी बोक्यावर काढायला उठले. त्याला उचलायला वाकले तर त्याने माझ्या हाताला ओरखडा काढला आणि पुन्हा दाराला नखं लावली. मी दार वाजवलं. "अण्णा, झालं का? नळ बंद करा ना."

नळ बंद झाला. मग आतून आवाज आला, बारीक, लहान मुलासारखा.

"सूनबाई."

"काय अण्णा?"

"मला ठिगळ्यासारखं झालंय गं."

त्या एका वाक्यासरशी सगळं समोर उभं राहिलं. मला काही विचारावं लागलं नाही. कडी काढलेलीच होती. अण्णा स्टुलावर वाकून बसले होते, घामाने भिजलेले, आणि मी इतकी मन लावून शिवलेली ती विजार दोन्ही मुठींत धरलेली. मी गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या ओटीपोटावर हात ठेवला. सासऱ्याच्या अंगाला असा हात मी आयुष्यात लावला नव्हता. कडक गोळा. तोच. बोक्याच्या पोटाला लागला होता तोच गोळा माझ्या हाताला लागला, आणि याच हाताने मी त्याच जागी टेप धरला होता.

इथल्या डॉक्टरांनी नळी घातली. पिशवी भरत गेली, भरतच गेली. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची ग्रंथी वाढलीय, हे फार दिवसांचं तुंबलेलं आहे, मूत्रपिंडांवर ताण आलाय, उतरेल की नाही ते बघावं लागेल. "कधीपासून त्रास आहे?" अण्णा छताकडे बघत होते. डॉक्टर माझ्याकडे वळले.

मी सांगितलं, "मी विजारी सैल करून दिल्या त्याच्या आधीपासून." डॉक्टरांना काही कळलं नाही. अण्णांना कळलं. त्यांनी माझा ओरखडलेला हात हातात घेतला आणि सोडला नाही.

३ मार्च

अण्णा घरी आले. नळी आहे, पिशवी आहे. रक्ततपासणीचे आकडे उतरायला लागलेत. आठवड्याने नळी काढून बघायची. आपली आपण झाली तर गोळ्यांवर निभेल. नाही झाली तर ऑपरेशन, आणि त्यांचं हृदय ते कितपत सोसेल याची डॉक्टरांना खात्री नाही.

पिशवी अडकवायला मी जाड कापडाची खोळ शिवली, खिडकीसारखी एक फट ठेवून, म्हणजे पिशवी किती भरली ते दिसतं. या वेळी काही लपणार नाही असं शिवलं.

आज मी विचारलंच. "अण्णा, सांगितलं का नाहीत?"

बराच वेळ पट्ट्या फाडत राहिले. आता त्यांची गरज नाही, वाळू परत आलीय, तरी फाडतात. म्हणाले, "ही असती तर हिला सांगितलं असतं. पोराला फोनवर काय सांगू? आणि तू सून. उद्या हे सगळं तुलाच काढायला लागलं असतं."

"बोक्याचं काढलंच ना मी?"

"त्याचं बघून तर तोंड उघडलं." मग म्हणाले, "नळ सोडला की वाटायचं, त्या आवाजानं येईल. आणि नाही आली तरी तुला कळायचं नाही."

मला कळलं नाहीच. रोज ऐकत होते आणि पाणी वाया जातंय म्हणून चिडत होते. ठिगळ्या ऐकत होता आणि ओरडत होता. दोघांचं दुखणं एका घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, आणि मी एकाच बाजूला बसून राहिले.

१० मार्च

सकाळी नळी काढली. डॉक्टरांनी घरी सोडलं, पण संध्याकाळपर्यंत झाली नाही तर परत आणा म्हणाले.

यंत्रावर आज कापड टाकलं नाही. अण्णा पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत फेऱ्या मारत होते. मी त्यांच्यासमोर तांब्या घेऊन बसले. "प्या. आत साठवून कुणाचं भलं झालंय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसायचा प्रयत्न केला आणि प्याले. नवऱ्याचा बोटीवरून फोन आला, त्यानेही आधी तेच विचारलं, "झाली का?" मी म्हटलं, अजून नाही. तो फोन तसाच धरून राहिला. मीही ठेवला नाही.

अण्णा एकदा आत जाऊन आले. मान हलवली. दुसऱ्यांदा जाऊन आले आणि खुर्चीत बसले. उन्हं भिंतीवरून उतरायला लागली तसा माझा धीर सुटत चालला. दवाखान्यात न्यायची पिशवी भरून मी दाराशी ठेवली, त्यांना दिसणार नाही अशी. त्यांना दिसली.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा दारात थांबून म्हणाले, "इथेच थांब." आजवर या दारापासून मला लांब ठेवायला धडपडणारा माणूस.

दार लोटलं गेलं. मी बाहेर जमिनीवर बसले. ठिगळ्या माझ्या शेजारी, कान टवकारून. आत नळ सुटला नाही. काहीही ऐकू येत नव्हतं, आणि मी कधी कुठल्या देवाकडे मागितलं नसेल ते त्या दारासमोर बसून मागत होते.

मग ठिगळ्या उठला, अंग ताणलं आणि कामाला गेल्यासारखा खिडकीकडे निघून गेला.

"अण्णा," मी म्हटलं, "झाली का?"

"झाली."

मी विचारलं, "केवढी?"

अण्णा रडत होते की हसत होते, सांगता येणार नाही.

"बटणाएवढी," ते म्हणाले. "कोटाच्या."